चढावर शांतता राखावी

टिनेके हानम यांच्या पत्राला मी उत्तर दिले नाही ते आळसामुळे नव्हे. त्यांनी विचारलेला प्रश्न मला सोपा वाटला नाही, एवढेच.

पत्र हॉलंडहून आले होते, फेब्रुवारीत, बदाम फुलले होते तेव्हा. या बाई, आमच्याकडे बाईला हानम म्हणतात, सायकलवरून दूरदूर भटकणाऱ्या लोकांसाठी छोटी पुस्तके काढतात. जिथे मोटारी नाहीत असे रस्ते शोधायचे आणि त्यांचे नकाशे छापायचे, हा त्यांचा उद्योग. तुर्कस्तानातल्या आमच्या सेर्चेबुरून गावावरून जाणाऱ्या किनाऱ्याच्या जुन्या रस्त्यावर मी पूर्वी एक चोपडे लिहिले होते. त्याच्या बहुतेक प्रती अजून माझ्याच पलंगाखाली आहेत, त्यामुळे एक हॉलंडला कशी पोचली हे मला कळलेले नाही. बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. रस्ता शांत आहे का, आणि मुक्कामाला जागा मिळेल का.

आता शांत म्हणजे काय? डोंगरातून बोगदा झाल्यापासून ट्रक आणि बसगाड्या तिकडून जातात आणि आमच्या रस्त्याच्या भेगांत गवत उगवले आहे, हे खरे. पण गुरुवारी मासळीचा टेम्पो येतो आणि प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवतो. सेफेरचा ट्रॅक्टर आहे. सेफेरचा ट्रॅक्टर ही वाहतूक धरायची की शेजारी? मी आधी ‘शांत’ लिहिले. मग ‘बराच शांत’ केले. मग ‘तुलनेने शांत’ केले, आणि तुलना कशाशी या विचारात मार्च संपला.

“जन्मभर वाचनालयात बसलास,” माझी थोरली बहीण नेबाहत आब्ला म्हणाली, “आणि एका बाईला हो की नाही एवढं कळवता येईना?”

“हो म्हटलं, आणि ती आली, आणि नेमका तेव्हाच टेम्पो आला तर?”

“तर मासे घेऊ.”

आब्लाला उत्तराची घाई होती, आणि तिचे बरोबर होते. नवरा गेल्यावर ती आमच्या वडिलांच्या घरी परत आली. समुद्राकडच्या दोन खोल्यांना तिने स्वतः चुना दिला, पलंग आणले, पाहुणे ठेवीन म्हणाली. त्याच वर्षी बोगदा सुरू झाला. तेव्हापासून दर शुक्रवारी ती कोणीही न निजलेल्या उशांचे अभ्रे काढते, धुते, इस्त्री करते आणि परत चढवते. तिचा मुलगा तुर्हान बुर्साहून फोन करतो, आई, इकडे ये म्हणतो.

“या उन्हाळ्यात त्या पलंगांवर कोणी पैसे देऊन निजलं नाही, तर मी तुर्हानकडे जाते,” ती एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली. मनापासून काही बोलायचे असले की ती आवाज खाली आणते. मी पुस्तकाचे पान उलटले. आधीचे वाचले नव्हते.

मे महिन्यात पोस्टकार्ड आले. “उत्तर मिळाले नाही, म्हणून स्वतःच येऊन रस्ता बघते. गुरुवारी.” हे मला कळण्याआधी चहाच्या दुकानात सगळ्यांना कळले होते, कारण पोस्टमन रझाने त्यातले इंग्रजी कसेबसे जुळवून ते तिथे मोठ्याने वाचून दाखवले होते.

“दुसऱ्याचं टपाल वाचतोस?” मी विचारले.

“पोस्टकार्ड उघडंच असतं, होजा. मी काय डोळे मिटून वाटू?”

मला गावात होजा, म्हणजे गुरुजी, म्हणतात. मी कधी कोणाला काही शिकवलेले नाही, पण चष्मा आणि पुस्तके एवढ्यावर लोक ही पदवी देतात.

चहाच्या दुकानात बैठक बसली. आमचे मुख्तार जेव्देत, म्हणजे गावाचे निवडून आलेले प्रमुख, चहाचा पेला बाजूला सारून उभे राहिले. बाईंच्या पुस्तकात आपला रस्ता आला तर सायकलवाले येतील. सायकलवाले म्हणजे भुकेले लोक. चहा विकेल, मध विकेल, नेबाहत आब्लाच्या खोल्या भरतील. तेव्हा गुरुवारी गावात एकही इंजिन सुरू व्हायचे नाही. मासळीच्या टेम्पोला निरोप धाडायचा, गावाच्या हद्दीबाहेर थांब.

“आणि कोंबड्यांचं काय?” सेफेरने विचारले.

“कोंबडा वाहन नाही.”

“आवाज तर करतो.”

“सेफेर, तू फक्त ट्रॅक्टरचं बघ. शपथ घे.”

सेफेरने भाकरीवर हात ठेवून ट्रॅक्टर सुरू न करण्याची शपथ घेतली. तो शब्दाचा पक्का आहे. पुढचे सगळे त्याच्या पक्केपणामुळेच घडले.

“आणि वस्फी होजा,” मुख्तार माझ्याकडे वळले, “तू खाली पुलावर जा आणि बाईंना वर घेऊन ये. तुला त्यांची भाषा येते.”

“वाचता येते. बोललो कधी नाही.”

“मग तिच्यासमोर काहीतरी वाच.”

गुरुवारी सकाळी मी माझी सायकल घेऊन पुलावर गेलो. वाचनालयात होतो तेव्हा याच सायकलवर पेटी बांधून मी वरच्या गावांत पुस्तके नेत असे. आता तिची घंटी वाजत नाही. त्या दिवशी ते सोयीचेच होते. कण्हेरीखाली उभा राहून मी स्वागताचे इंग्रजी वाक्य घोकत राहिलो. त्यात एक गौणवाक्य होते आणि त्याची मला भीती वाटत होती.

बाई आल्या. माझ्याच वयाच्या, पांढरे केस, उन्हाने लाल झालेले नाक, सायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या. मी वाक्य म्हटले. गौणवाक्य मध्येच कुठेतरी राहून गेले.

“वस्फी बे, तुर्कीत बोला,” त्या तुर्कीतच म्हणाल्या. “माझी सून इझमीरची आहे. नातवंडांशी भांडता यावं म्हणून शिकले.”

त्या एकेक शब्द दगडावर दगड ठेवावा तसा ठेवत, पण भिंत सरळ यायची. मला हायसे वाटले. आम्ही चढाला लागलो. त्या सायकलवर, मी सायकल हातात धरून, आणि तरी आमचा वेग एकच होता. खाली समुद्र, वर पाइनची झाडे, रस्त्यावर कोणी म्हणजे कोणी नाही.

“किती शांत,” त्या म्हणाल्या.

आणि आमच्या डोक्यावरचा डोंगर बोलू लागला.

“लक्ष द्या. लक्ष द्या. पाहुण्या बाई पुलावरून निघाल्या आहेत. कोणीही गाडी सुरू करू नये. शांतता राखावी.”

आमच्या गावात मशिदीजवळच्या खांबावर मुख्तारांचा लाऊडस्पीकर आहे. मयत, लग्न, पाणी बंद, बटाटेवाला आला, सगळे त्यावरून कळते. जुना गेल्या वर्षी बिघडला म्हणून मुख्तारांनी नवा आणला, आणि तो समोरच्या बेटावरसुद्धा ऐकू जातो. समोरच्या कड्याने ‘राखावी’ परत म्हटले, त्याच्या पलीकडच्याने ‘खावी’ म्हटले.

टिनेके हानम यांनी ब्रेक दाबला. “कोण हे?”

“आमचे मुख्तार.”

“आपण निघालो हे त्यांना कसं कळलं?”

मी वर बोट दाखवले. एका खडकावर पोस्टमन रझा कानाला फोन लावून उभा होता. त्याने आम्हाला हात केला.

पुढच्या वळणावर पुन्हा लक्ष देण्यात आले. बाई डावीकडे बघत आहेत. त्याच्या पुढच्या वळणावर बाई पाणी प्यायल्या, आणि ते सगळ्या खोऱ्याला कळले. प्रत्येक वेळी शेवटी शांतता राखण्याची विनंती होतीच. मी पायांकडे बघत चालत राहिलो. वाचनालयात मी चाळीस वर्षे ‘शांतता राखा’ अशा पाटीखाली बसलो, पण ती पाटी कधी ओरडली नव्हती.

तिसऱ्या वळणावर सेफेरच्या बायकोने, गुलिझारने, अंजिराखाली टेबल मांडले होते. चहाला बंदी नव्हती. चीज, ऑलिव्ह, मध, उकडलेली अंडी, तव्यावरून आत्ताच उतरलेली पालेभाजीची पातळ पोळी.

“मी फक्त एक चहा घेईन,” बाई म्हणाल्या.

“बरोबर आहे,” गुलिझार म्हणाली आणि पोळी वाढली.

पुरे असे सांगायचे तर आमच्याकडे रिकाम्या पेल्यावर चमचा आडवा ठेवतात. बाईंना हे सुनेने शिकवले असावे, कारण दुसऱ्या चहानंतर त्यांनी चमचा आडवा ठेवला. गुलिझारने तो उचलला, “पडला वाटतं तुमचा,” म्हणाली, आणि पेला भरला.

सेफेर कुंपणापाशी उभा राहून बाईंच्या सायकलकडे बघत होता. त्याच्या तोंडावर दुःख होते.

“एवढं वजन,” तो माझ्या कानात म्हणाला. “आणि अजून निम्मा चढ बाकी. माझ्या थोरल्या बहिणीएवढी बाई आहे, होजा. बघवत नाही रे.”

“ट्रॅक्टर नाही,” मी म्हटले.

“छे, शपथ आहे ना.”

चहा झाला, मध झाला, हात धुऊन झाले. आम्ही उठलो, तर भिंतीला टेकवलेली सायकल नव्हती. माझी होती. माझी कोण नेणार?

गुलिझारने डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडावर घेतले. आमच्याकडे दारे उघडी टाकून लोक शेतावर जातात. पाहुण्याची वस्तू जावी, तीही जेवत असताना, म्हणजे अंजिराच्या झाडाने मान खाली घालावी. बाई म्हणाल्या, “असेल इथेच कुठेतरी,” पण खडकावर रझाने फोन कानाला लावलेला मी पाहिला, आणि पुढे काय होणार ते मला कळले. मी हात हलवून त्याला नको नको म्हणत होतो. त्याने मलाही हात केला.

“लक्ष द्या. लक्ष द्या. पाहुण्या बाईंची सायकल गेली आहे. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे जी गाडी असेल ती घेऊन ताबडतोब रस्त्यावर यावे.”

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग वर कुठेतरी एक इंजिन खाकरले. मग दुसरे. सकाळपासून कोंडलेली प्रत्येक गाडी बाहेर पडली. दुधाची मोटारसायकल आली, मेंढ्यांचा टेम्पो मेंढ्यांसकट आला, मुख्तारांची पांढरी मोटार आली आणि हॉर्न वाजवत राहिली, कारण गाड्या रांगेने निघाल्या की आमच्याकडे हात आपोआप हॉर्नवर जातो, लग्न असो की चोरी. खालून मासळीचा टेम्पोही आला. हद्दीबाहेर थांबून त्याने घोषणा ऐकली होती, आणि अब्रू त्यालाही होती. वरचे खाली येणारे आणि खालचा वर जाणारा तिसऱ्या वळणावर भेटले आणि तिथेच अडकले. बोगदा झाल्यापासून या रस्त्यावर वाहतूक तुंबली नव्हती. मला वाटते त्याआधीही नव्हती.

मुख्तारांच्या मोटारीतून नेबाहत आब्ला उतरली. अंगावर एप्रन तसाच होता, हात पिठाचे. तिने गाड्यांकडे पाहिले, मेंढ्यांकडे पाहिले, हॉर्न ऐकले, मग माझ्याकडे पाहिले.

“झालं,” ती हळू आवाजात म्हणाली. “बुर्सा.”

टिनेके हानम भिंतीवर बसल्या होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांच्या नाकावरून सांगता येत नव्हते.

तेवढ्यात सेफेर पायवाटेने उतरत आला. हातात खेचराचा दोर, मागे रिकामे खेचर, तोंडावर समाधान. गर्दी बघून तो दचकला.

“काय झालं? कोण गेलं?”

“सायकल गेली,” मुख्तार म्हणाले.

“कुठली? बाईंची? ती वर खिंडीत आहे की. मी नेऊन ठेवली. साखळीला ऑलिव्हचं तेलही घातलंय.”

उत्तर एका मेंढीने दिले.

“शपथ ट्रॅक्टरची होती,” सेफेर म्हणाला. “खेचराचा आवाज होतो का? तुम्हाला तरी आला का?”

आला नव्हता, हे मात्र खरे. त्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट अगदी शांतपणे झाली होती.

रात्री बाई आमच्याकडे राहिल्या; आब्लाने त्यांचे पैसे घेतले नाहीत. आब्लाने दोन्ही खोल्यांतल्या सगळ्या उशा त्यांच्या एका पलंगावर रचल्या. सकाळी अंगणात नाश्ता करताना बाई म्हणाल्या, “माझ्या नकाशात शांत रस्त्याला हिरवं पान असतं. ते मला इथे छापता येत नाही, वस्फी बे. पण काल आलेल्या सगळ्या गाड्या माझ्याचसाठी आल्या, मग गजबजलेला असंही छापता येत नाही. एरवी कसा असतो?”

“साधारणपणे,” मी म्हणालो आणि थांबलो.

“सांग ना,” आब्ला म्हणाली.

साधारणपणे म्हणजे कोणत्या दिवशी, हे मला ठरवता येईना.

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. “तुम्ही लिहिणारे आहात, बोलणारे नाही. लिहून पाठवा. जे लिहाल ते नकाशाखाली जसंच्या तसं छापीन. महिनाअखेर पुस्तक छापायला जातं. काही आलं नाही, तर हा रस्ता मी गाळते. रागाने नव्हे. काय छापावं ते कळत नाही म्हणून.”

त्या निघाल्या तेव्हा आब्लाने त्यांच्या मागे तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतले. जाणाऱ्याने पाण्यासारखे सुखरूप जावे आणि पाण्यासारखे परत यावे, म्हणून आमच्याकडे ओततात. आब्लाचा हात जोराचा आहे. बाईंची मागची पिशवी भिजली.

त्यानंतर मी लिहायला बसलो. ‘एरवी शांत.’ खोडले. ‘पाहुणे नसताना शांत.’ पण मग पाहुण्याला त्याचा काय उपयोग? पुढचा शुक्रवार आला. आब्लाने उशांचे अभ्रे काढले नाहीत. दुपारी माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ती मोठी बॅग होती. आब्लाने ती अंगणात पुसली, उन्हात उघडी ठेवली आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा केला. त्यात साखर नेहमीएवढीच होती. मी पेला तसाच ठेवला.

मी सायकल घेतली आणि चढ चढून खिंडीत जाऊन बसलो. ठरवले, आज फक्त ऐकायचे. खाली समुद्र दगडांशी काहीतरी पुटपुटत होता. मधाच्या निळ्या पेट्यांभोवती माश्या होत्या. कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली आणि मग वाजली नाही. उन्हात पाइनची बोंडे फुटत होती, टक, टक. मग खालून सेफेरचा ट्रॅक्टर आला आणि अर्थातच थांबला.

“बसतोस का, होजा? घरी सोडतो.”

“नको. ऐकतोय.”

“काय?”

“रस्ता.”

सेफेरने इंजिन बंद केले आणि माझ्याशेजारी येऊन बसला. त्यानेही ऐकले. मान तिरकी करून, मनापासून.

“काहीच ऐकू येत नाही,” तो म्हणाला.

“तेच.”

“मग हे घरी बसून ऐकायचं की.” आणि खिशातून मला एक काकडी दिली.

घरी गेल्यावर मी एका दमात लिहिले. मीठ चोळून काकडी खात होतो, म्हणून कदाचित खोडायला हात मोकळा नव्हता.

“या रस्त्यावर वाहतूक नाही. माणसे आहेत. मुख्तार वळणावळणावर तुमची खबर सांगतील. त्यांचा राग मानू नये, ते मयताचीही इतक्याच प्रेमाने सांगतात. तिसऱ्या वळणावर चहा मिळेल. एक पेला अशी गोष्ट तिथे नसते. चहा पिताना सायकलवर लक्ष ठेवावे, नाहीतर ती तुमच्याआधी वर जाईल. गुरुवारी मासे ताजे असतात. खिंडीत पोचल्यावर बसा. कोणीतरी येऊन शेजारी बसेल. तो गेला की जे उरते, त्याला मी शांतता म्हणतो. हिरवे पान छापायचे की नाही हे तुम्ही ठरवा.”

आब्लाला वाचून दाखवले. ती बॅगेची किल्ली शोधत होती, ती ऐकता ऐकता थांबली.

“सेफेरचं खेचर लिहिलंस, मुख्तारचा कर्णा लिहिलास. माझ्या खोल्या?”

मी पुन्हा कागदाकडे पाहिले. तिने म्हणेपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते.

“लिही,” ती समोर बसून म्हणाली. “वस्फीच्या घरी दोन खोल्या आहेत. समुद्र दिसतो. उशांना इस्त्री केलेली असते.”

मी लिहिले. तिने कागद हातात घेऊन शेवटची ओळ बोटाने वाचली.

“आता लिहून बसलास, म्हणजे मला इस्त्री करावी लागणार,” ती म्हणाली. उठली, अंगणातली बॅग बंद केली आणि माळ्यावर ढकलून दिली. वर धूळ उडाली. मी तिच्याकडे न बघता पाकिटावर पत्ता घातला. पत्ता घालताना कोणाकडे बघावे लागतच नाही.

पाकीट रझाकडे द्यायचे नव्हते. रझाला पाकिटाचा अडथळा होत नाही. मी सकाळीच सायकलवर बसलो, उताराने तालुक्याच्या गावाकडे निघालो. मागून तांब्याचा आवाज झाला आणि माझी पँट पोटरीपर्यंत भिजली.

“पाण्यासारखा जा,” आब्ला म्हणाली. “आणि वाटेत विचार करत बसू नको.”

पहिल्या वळणावर डोंगर बोलला.

“लक्ष द्या. लक्ष द्या. वस्फी होजा पत्र टाकायला निघाले आहेत. कोणीही त्यांना वाटेत थांबवू नये. शांतता राखावी.”

गुलिझारने तरीही चहासाठी हाक मारली. मी हात हलवला आणि थांबलो नाही. असे मी पहिल्यांदाच केले असेन. पुलावरून पुढे, पाणवठ्यावरून, बाजारातून, टपाल कचेरीच्या पिवळ्या पेटीपर्यंत. पाकीट अर्धे आत गेल्यावर मनात आले, ‘वाहतूक नाही’ ऐवजी ‘बहुधा नाही’ म्हणायला हवे होते का? सेफेरचा ट्रॅक्टर शेवटी कशात धरला आपण? मी पाकीट ओढून पाहिले. भिजलेली पँट पिळल्याने हात अजून ओला होता. ते सुटले आणि आत पडले.